सतरा जणांचा निरोप

कावासाकी
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

इथूनच वाकून नमस्कार करतो. कमरेत लचक भरली आहे, तेव्हा मनापासून वाकलो असं समज.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाला मशीन लावायला तू तयार नाहीस. जन्मभर टेलिफोन कचेरीत लोकांचे कॉल जोडून दिलेस आणि सख्ख्या भावाला मात्र दहा-दहा दिवस टपालाची वाट बघायला लावतेस. असो. तुझा हट्ट आणि माझं अक्षर, दोन्ही सुधारायचं वय गेलं.

तिकीट काढलं. १४ डिसेंबर, रविवार. काँट्रॅक्ट संपतंय आणि या वेळी मीच वाढवून घेतलं नाही. वरची खोली रंगवू नकोस, रंगाच्या वासाने मला शिंका येतात.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी गणपतीत मिरजेला आलो होतो तेव्हा पानावर बसल्या-बसल्या तू मला काय म्हणालीस, आठवतं? ‘अकरा वर्षं राहिलास तिकडे. उद्या निघालास तर दारापर्यंत पोचवायला एक माणूस तरी येईल का रे तुला?’ मी भात तसाच टाकून उठलो होतो. त्यानंतर चार महिने मी पत्र पाठवलं नाही. कामाचं कारण सांगितलं होतं, ते खोटं होतं. लागलं होतं मला.

तर ऐक. परवा ऑफिसात प्रिंटरवर माझे कागद आणायला गेलो, त्यात एक भलताच कागद. वर ठळक अक्षरांत ‘देवदत्त-सान फेअरवेल’. खाली सतरा नावं. मोजली मी! तीन गाड्या, कुणी कुठल्या गाडीत बसायचं, सगळं. ८ आणि ९ नोव्हेंबर, शनिवार-रविवार. गाड्या सकाळी सात ते आठच्या दरम्यान घरोघर जाऊन माणसं घेणार. कागद गुपचूप होता तसा ठेवून दिला. मला सरप्राइज द्यायचंय त्यांना!

जायचंय ते ठिकाण त्सुकुबाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. जपानी किबुत्झ म्हणतात त्याला. इस्राएलमध्ये गावंच्या गावं असतात म्हणे, जमीन सगळ्यांची, कमाई सगळ्यांची, चूल एकच. तरुणपणी तिकडे राहून आलेल्या काही जपानी लोकांनी इथे तसंच मांडलंय. साठेक माणसं एकत्र शेती करतात, एकत्र जेवतात. पाहुण्यांनीही काम करायचं आणि त्यांच्या पंगतीला बसायचं.

हे सगळं जमवणारी प्रणिता. आमच्या टीममधली पुण्याची मुलगी. मुलगी कसली, दहा वर्षांच्या लेकीची आई आहे, पण इथले गणपती, दिवाळी, डोहाळजेवणं सगळी तिच्या एक्सेलवर चालतात. तुझं मेतकूट तिला एकदा दिलं होतं, अजून नाव काढते. तिचा पत्ता खाली लिहितो, जमलं तर थेट तिलाच पाठव.

मी चकित झाल्याचा चेहरा आरशात करून पाहतोय. अजून तरी दात दुखल्यासारखा दिसतो.

तुझा
देवा


मिरज
२५ ऑक्टोबर २०२५

देवा,

आशीर्वाद तर आहेतच, आधी माझा कान धर. नाहीतरी तो कशाच्या उपयोगाचा नाही.

चुकलं माझं. त्या दिवशी तू पानावरून उठलास आणि मी मात्र शेजारच्या राधिकाला सांगत बसले की याला मोठेपणी नाकावर राग आलाय. तुला इतकं लागलं असेल हे ध्यानातच आलं नाही. मनात भीती होती रे. आपले बाबा गेले तेव्हा तिरडी उचलायला माणसं शोधावी लागली होती, ते डोक्यातून जात नाही माझ्या. तू तसाच, कुणाकडे न जाणारा, कुणाला घरी न बोलावणारा. परक्या देशात याचं कसं होणार, हाच घोर.

आता सतरा माणसं! दोनदा वाचलं पत्र. मग राधिकाला बोलावून तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, म्हणजे तिलाही कळलं. ऐकू काही आलं नाही, पण तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एका चुलीवर साठ माणसं मात्र मला पटत नाही. आपल्याकडे दोन जावांचं एका गॅसवर जमत नाही. भांडी कोण घासतं तिथे? नीट बघून ये.

धड बूट घे. ते टाचा झिजलेले घालून जाऊ नकोस, चारचौघांत फोटोबिटो निघतील. आणि कुणी चार शब्द चांगले बोललं तर ‘छे छे, कामाचं काय ते बोला’ असं करू नकोस. ऐकून घे गुमान. आणि परत आलास की मला सगळं, अगदी सगळं लिही. कोण काय म्हणालं, तेही.

मेतकूट दळायला टाकते. खोलीला रंग कालच देऊन झाला. शिंका आता.

ताई


कावासाकी
१० नोव्हेंबर २०२५

ताई,

दोन दिवस नुसती धमाल झाली, काय सांगू!

सकाळी साडेसातला बेल वाजली. दार उघडतो तर श्याम आणि त्याची बायको कल्पना, मागे प्रणिता, जिन्यात आणखी चार-पाचजण. ‘चला देवदत्त-सान, पळवून नेतोय तुम्हाला!’ मी चकित झालो. बरा झालो असावा, कुणाला शंका आली नाही. नवे बूट पायात होते. तपकिरी घेतले.

वाटेत गाडीत गाणी, चिवडा, पोरांची जपानीतली बडबड. त्सुकुबा मागे पडलं की शेतंच शेतं. ते गाव म्हणजे लांबट बैठी घरं आणि मधोमध मोठं जेवणघर. गेल्या-गेल्या आम्हाला मुळे उपटायला लावलं. पांढरे, हातभर लांब. सत्यजित, आमचा मॅनेजर, जोर लावून उताणा पडला आणि सगळे हसलो. मग पेंड्या बांधून आठ-आठच्या ओळी लावल्या.

भांड्यांचं विचारलं होतंस. ज्याने-त्याने आपली घासायची, आणि मोठ्या पातेल्यांची पाळी असते. ती फळ्यावर लिहितात. जावांचा प्रश्न असा सुटला.

संध्याकाळी जेवणघरात लांबच लांब टेबल. मला मधे बसवलं. प्रत्येकाने माझ्याबद्दल एक-एक वाक्य बोलायचं असं प्रणिताने ठरवलं होतं. श्याम म्हणाला, ‘देवदत्त-सान गेल्यावर ऑफिसात सकाळी पहिला दिवा कोण लावणार?’ सत्यजित म्हणाला, माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आज तीन कंपन्यांत आहेत. कल्पना म्हणाली, तिच्या बाळंतपणात मी पंधरा दिवस डबे पोचवले ते ती विसरली नाही. आणि प्रणिता उभी राहिली, पण तिला बोलताच येईना. रडली पोरगी.

तू सांगितलंस तसं मी गुमान ऐकून घेतलं. एकदाही ‘छे छे’ म्हणालो नाही.

रविवारी जेवून परत निघालो. तेव्हा ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आता परत तो प्रश्न मनात आणायचा नाही. झोप शांत लागू दे तुला.

देवा


मिरज
२१ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणिता,

तुला मी ओळखत नाही, पण तुझं नाव गेला महिनाभर आमच्या घरात रोज निघतंय. मी देवदत्तची थोरली बहीण, सुरेखा. सोबत मेतकूट आहे आणि थोडी आमसुलं. कस्टमवाल्यांनी फोडलं नसेल तर पोचेल.

आभार मानायला लिहितेय. आमचा देवा लहानपणापासून कोपऱ्यात बसणारा. लग्न केलं नाही. मनातलं कुणाला सांगत नाही. त्याच्यासाठी तुम्ही सतरा जणांनी शनिवार-रविवार मोडलात, एवढ्या लांब त्या शेतावर नेलंत, मधोमध बसवून एकेकजण चांगलं बोललात. श्याम पहिल्या दिव्याचं बोलला ते तर मी पाठच केलंय. आणि तू रडलीस ते वाचून मीही इकडे रडून घेतलं.

आता एक गुपित सांगते, त्याला सांगू नकोस. तुमचं सरप्राइज त्याला आधीच कळलं होतं! तुझी यादी त्याने प्रिंटरवर पाहिली. महिनाभर तोंड मिटून बसला, तुमचा विरस व्हायला नको म्हणून. नवे बूट घेतले. आरशासमोर चकित व्हायची तालीम केली. बावन्न वर्षांचा घोडा, पण पहिल्यांदा सहलीला निघालेल्या पोरासारखा झाला होता. महिनाभर आधीपासून वाट पाहत होता गं.

माझ्या जिवाला घोर होता तो तू काढलास. तुझं भलं होवो.

सुरेखाताई


कावासाकी
३ डिसेंबर २०२५

देवदत्त-सान,

हे पत्र तुमच्या पत्रपेटीत टाकून जातेय. ऑफिसात बोलायला लागले तर रडू येईल, आणि व्हॉट्सॅपवर हे लिहायची लाज वाटते.

काल तुमच्या ताईंचं पार्सल आलं. सोबतचं पत्र मी इथे जोडते आहे. वाचा म्हणजे कळेल. त्यांना वाटतंय तुम्ही आमच्याबरोबर शेतावर होतात.

चूक माझी आहे, पूर्णपणे माझी. तुमच्यापासून लपवायचं म्हणून ग्रुपमध्ये तुम्हाला घेतलं नाही. शीटमध्ये तुमचं नाव वर, टायटलमध्ये टाकलं. खालच्या ओळींत तुम्ही नव्हतातच. गाड्या मी ओळींवरून लावल्या, सतरा जण तीन गाड्यांत बरोबर बसले. श्यामच्या गाडीतल्यांना वाटलं तुम्ही सत्यजितकडे, सत्यजितच्या गाडीतल्यांना वाटलं तुम्ही माझ्याकडे. शेतावर पोचलो तर जेवणघरात प्रत्येक पाहुण्याच्या नावाची लाकडी पाटी टांगलेली. यादीवरूनच केलेल्या. मी त्या मोजल्या, सतरा भरल्या, आणि यादी चोख झाली म्हणून खूशही झाले. मग सत्यजितने विचारलं, ‘अरे, उत्सवमूर्ती कुठेय?’

साडेअकराला मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मी तर नागोयाला आलोय, क्लायंटकडे.’ देवदत्त-सान, खरं सांगते, मला हुश्श झालं. मी सगळ्यांना सांगितलं की ते नागोयाला आहेत, तसेही आले नसते. आणि आम्ही केक कापला. तुमच्या नावाचा केक तुमच्याशिवाय कापला, टाळ्या वाजवल्या आणि मुळे उपटायला गेलो. सोमवारी तुमच्या टेबलावर एक तुकडा ठेवला. तुम्ही ‘छान आहे’ म्हणालात.

तुम्हाला माहीत होतं, तुम्ही तयार होऊन बसला होतात, हे मला काल कळलं. काल रात्री जेवण गेलं नाही.

श्याम ते दिव्याचं वाक्य बोलला नाही. कुणीच काही बोललं नाही. पण ते सगळं खरं आहे. कल्पनाचे डबे, सगळं. आम्हाला ते सुचायला हवं होतं आणि तुम्हाला ते स्वतःच लिहावं लागलं, याची मला इतकी लाज वाटते.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल तर सगळ्यांना सांगते. तेरा तारखेला शनिवार आहे, पुन्हा सगळे जाऊ. नाहीतर चौदाला विमानतळावर येतो. काहीतरी करू द्या. ताईंना काय उत्तर लिहू?

प्रणिता


कावासाकी
६ डिसेंबर २०२५

प्रणिता,

पत्र वाचलं. राग आला होता. तुझ्यावर आला, श्यामवर आला, त्या एक्सेलवरही आला. आता बराच उतरलाय, सगळा नाही.

त्या दिवसाचं सांगून टाकतो, एकदाच. सहा वाजल्यापासून आवरून बसलो होतो. पावणेआठला खाली श्यामची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो माझ्या समोरच्याच इमारतीत राहतो, तुला माहीत आहे. खिडकीतून पाहिलं, कल्पनाने डिकीत पिशवी ठेवली, गाडी निघाली. मला वाटलं वळसा घालून माझ्या दाराशी येतील. साडेअकरापर्यंत मी दारात स्टुलावर बूट घालून बसलो होतो. तुझा फोन तिथेच घेतला.

नागोया तोंडातून कसं निघालं, मला कळलं नाही. मला विसरलात हे तुम्हाला सांगण्यापेक्षा मीच नव्हतो हे सोपं होतं. आणि तुम्ही ते लगेच खरं मानलंत. त्यात माझाही हात आहे. अकरा वर्षांत तुमच्या किती बोलावण्यांना मी ‘काम आहे, जमणार नाही’ म्हटलं असेन! बहुतेक वेळा काम नसायचं. घरात बसून असायचो. कुणी दुसऱ्यांदा म्हणालं असतं तर आलो असतो.

मग दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. प्लास्टिकचा कचरा ठेवायचा दिवस होता, तोही ठेवला नाही. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत दूध आणायला गेलो नाही. कुणी पाहिलं तर नागोया कुठे राहिलं? रविवारी तुम्ही परत आलात तेव्हा मी दिवा लावला नव्हता. ताईला लिहिलेलं शेत मी त्या लोकांच्या वेबसाइटवर पाहिलं आणि सत्यजितने दाखवलेल्या फोटोंत. लिहिताना बरं वाटत होतं.

पुन्हा जायचं काढू नकोस. आता आलात तर शरमेने याल, आणि मला ती सतरा तोंडं बघवणार नाहीत. विमानतळावरही नको. माझी बस पहाटेची आहे, मी एकटा जाईन, मला सवय आहे.

एवढंच कर. ताईला यातलं काही कळू देऊ नकोस. अजून काय लिहायचं ते तू ठरव, नाहीतर काहीच लिहू नकोस. तिने आयुष्यात एकदाच माझी क्षमा मागितली आणि ती या सहलीच्या जोरावर. ती झोपतेय शांत. झोपू दे तिला.

तू वाईट नाहीस. मेतकूट संपव, उन्हाळ्यात खवट होतं.

देवदत्त


मिरज
४ जानेवारी २०२६

चि. प्रणिता,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तिकडे वर्षअखेरीची सुट्टी असते असं देवा म्हणाला, तेव्हा राग नाही.

तो सुखरूप पोचला. वाळलाय. रंगाच्या वासाने शिंकतोय. येऊन तीन आठवडे होतील, अजून कुणाच्या घरी गेला नाही, पण आमच्याकडे माणसांची रीघ लागलीय. राधिका, गल्लीतल्या बायका, माझ्या कचेरीतल्या दोघी. येईल त्याला मी बसवते आणि म्हणते, देवा, शेतावरचं सांग. आधी आढेवेढे घेतो, मग माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्याने सांगतो. किती छान सांगतो गं! दरवेळी काहीतरी नवीन निघतं. मुळे उपटतानाची मजा, लहान मुलं त्याचा हात सोडत नव्हती ती. विमानतळावरसुद्धा तुम्ही सगळे पहाटे हजर होतात हे मला परवाच कळलं. तुला डोळे पुसायला त्याने आपला रुमाल दिला आणि तो परत घ्यायचा राहिला म्हणे. राहू दे तुझ्याकडे.

तुम्हा मंडळींना तो फोन करत नाही एवढं खटकतं. विचारलं की म्हणतो, वेळेचा फरक पडतो. तुम्हीच करत जा. कुणी आपणहून बोललं की त्याला बरं वाटतं, तो दाखवत नाही इतकंच.

आता माझं एक काम. त्याच्याकडे त्या दोन दिवसांचा एकही फोटो नाही. मी मागितला तर म्हणाला, सगळे दुसऱ्यांच्या फोनमध्ये आहेत. त्या लांब टेबलापाशी तुम्ही सगळे बसलेले असा एखादा असेलच. तो मोठा करून पाठव. भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय.

फक्त एक कर. माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, एवढ्या माणसांत देवा मला पटकन सापडायचा नाही. त्याच्या डोक्यावर पेनाने एक बारीक खूण करून पाठव.

वाट पाहते,
सुरेखाताई